जिनिंगच्या भिंतीवरचे आजोबा

लिटल गिलियाद, मिसिसिपी
बुधवार, २६ ऑगस्ट १९९८

प्रिय व्हर्लीनताई,

तुला आणि दाजींना ओझेलचा नमस्कार. प्रभूच्या दयेने इथे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत. तू तुझ्या नव्या गुडघ्यावर उभी राहिलीस की नाही ते आधी कळव. (तुझी भावजय कोरीन म्हणते, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसशील. मी तुझी बाजू घेतली, पण मनापासून घेता आली नाही.) चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तू चर्चच्या ऑगस्टच्या मेळ्याला गावी आली नाहीस, आणि नेमकं यंदाच काय काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मध्ये बोलतेस. म्हणून लिहितो.

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि घरच्या बायबलच्या पानांतून एक फोटो काढून काउंटी कचेरीतल्या मिस हॅस्केल बाईंच्या हातात दिला. या तीन कामांपैकी पहिली दोन नीट झाली.

तुला माहीत आहे, आपल्या घरात धाकट्या आजोबांचं, लुशस आजोबांचं, नाव निघत नसे. १९३४ साली चर्चच्या मंडळीने त्यांना बाहेर काढलं, कारण शनिवारी ते नाचाच्या घरात गिटार वाजवत आणि तिथे गायच्या गाण्यात देवाचं नाव घालत. ठराव मांडणारे चर्चचे कारभारी, डीकन, म्हणजे त्यांचेच थोरले भाऊ, आपले एमस आजोबा. लुशस आजोबा गिटार उचलून शिकागोला गेले ते परत आलेच नाहीत. मी तीन वर्षांचा असताना तिकडेच वारले. आणि त्यांनी जे एक गाणं तबकडीवर घातलं, ते मात्र जगभर फिरून आलं. इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी ते वाजवलं, मग त्यांचं ऐकून आपल्याकडच्या गोऱ्या पोरांनी वाजवलं. मालवाहू गाड्यांच्या जाहिरातीत ते आलं. खताच्या दुकानात ज्या माणसाने माझ्या वडिलांना कधी पुढच्या दाराने आत घेतलं नाही, त्याचा मुलगा पोती मोजताना तेच गुणगुणतो. ताई, अख्खा देश ज्या ठेक्यावर पाय आपटतो तो आपल्या चर्चच्या लाकडी फरशीवरचा ठेका आहे, आणि देशाला वाटतं आपली चालच अशी आहे. माझी रेनेटा कॉलेजात गेली तेव्हा तिच्या कवितांच्या पाठ्यपुस्तकात या गाण्याच्या दोन ओळी निघाल्या:

खेचर त्यांचे, रान त्यांचे, घंटा त्यांची वाजे;
गळ्यामधले गाणे तेवढे, देवा, आहे माझे.

आणि खाली छापलं होतं, कवी अज्ञात. रेनेटाने मला फोन करून विचारलं, "बाबा, अज्ञात म्हणजे आपले लुशस आजोबा ना?" मी हो म्हणालो आणि कोंबड्यांकडे बघायला गेलो. त्याला चार वर्षं झाली. मी शांत स्वभावाचा आहे असं लोक म्हणतात. खरं म्हणजे मला सुरुवात करायला वेळ लागतो.

तर मिस हॅस्केल बाई सांगायला आल्या की काउंटीच्या समितीने बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची पूर्वेकडची भिंत लुशस प्युरिफॉय यांना द्यायची ठरवली आहे. पंधरा फुटी चित्र, खाली नाव, ऑगस्टच्या मेळ्याच्या आदल्या दिवशी पडदा काढायचा. त्याच जिनिंगच्या मागच्या दाराशी आपली माणसं कापसाच्या गाड्या घेऊन दिवसदिवस उभी राहत. माझा ऊर भरून आला. आणि भरलेल्या उराने माणूस फोटो नीट बघत नाही. लुशस आजोबांचा चेहरा मी कधी पाहिलेलाच नव्हता. बायबलमध्ये एक तरुण, बिनदाढीचा, रागीट माणूस गिटार घेऊन बसलेला होता. आपल्या खानदानात गिटार कोणी धरली असेल? मी जास्त विचार केला नाही. तूही केला नसतास.

चित्रकार बाई दोन महिने शिडीवर होत्या. मी रोज कामावर जाताना गाडी थांबवून बघत असे. आधी बूट आले, मग गुडघे, मग गिटार, आणि जुलैत चेहरा आला. चेहरा फारच कडक. कपाळावर तीन आठ्या, ओठ असे मिटलेले की उलथण्याने उघडावेत. मिस हॅस्केल बाई डोळे पुसत म्हणाल्या, मिस्टर प्युरिफॉय, या चेहऱ्यावर एका संपूर्ण जमातीचं दुःख दिसतं. मी मान हलवली. मला मात्र तो चेहरा बघून दर वेळी उगाच शर्टाचं बटण लावावंसं वाटे. का ते तेव्हा कळलं नाही.

गेल्या बुधवारी सेकिगुची नावाचे गृहस्थ आले. ओसाकाला दाताचे डॉक्टर आहेत. तीस वर्षं लुशस आजोबांचं गाणं ऐकतात, रजा साठवून आले होते. कोटाच्या अस्तरावर त्या दोन ओळी रेशमाने शिवून घेतलेल्या. (आपल्या माणसाच्या ओळी जपानी कोटाला आतून लागून आहेत, ताई. मी त्यांना दोनदा कोट उघडायला लावला.) मी त्यांना जिनिंगवर घेऊन गेलो. पडदा अजून यायचा होता, त्यामुळे चित्र उघडंच होतं. डॉक्टर कमरेत वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मग सरळ झाले, मान जरा तिरकी केली, पुढे गेले, मागे आले आणि अतिशय संकोचाने म्हणाले, "साहेब, क्षमा करा. या माणसाला गिटार वाजवता येत नाही."

मी म्हणालो, "अहो, यांचंच गाणं ऐकायला तुम्ही आलात."

"ते खरं. पण अंगठा बघा. असा अंगठा ठेवला तर एकही सूर निघत नाही. आणि डावा हात तर गिटार धरतच नाही, दूर ठेवतोय. हा माणूस, माफ करा, कोणाचं तरी सामान सांभाळतोय."

गावातल्या दोनशे माणसांनी ते चित्र दोन महिने पाहिलं होतं. त्यातले वीस तरी गिटार वाजवतात. पण आपल्या माणसाला पंधरा फूट उंच करून भिंतीवर बसवलं की त्याच्या अंगठ्याकडे कोण बघतो? त्या क्षणी मी बघितला, आणि तो अंगठा ओळखला. त्याच अंगठ्याने बायबलची पानं उलटताना मी बत्तीस वर्षं पाहिलं आहे. त्याच अंगठ्याने माझा कान धरला जाई. मी भर रस्त्यात शर्टाचं वरचं बटण लावलं.

भिंतीवर एमस आजोबा होते, ताई. ज्यांनी आयुष्यभर गिटारला सैतानाची पेटी म्हटलं, ते गिटार मांडीवर घेऊन हमरस्त्याकडे तोंड करून बसले होते, आणि खाली भावाचं नाव. पुस्तकात धाकट्या आजोबांच्या ओळी होत्या आणि नाव नव्हतं. चर्चच्या सभासदांच्या वहीत नाव होतं पण त्यावर काट. आता एकदाचं नाव भिंतीवर लागलं, तर मी त्याला तोंडच दुसऱ्याचं दिलं.

मी तडक आयडेला आजींकडे गेलो. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत; या दोन भावांना तरुणपणी पाहिलेलं दुसरं माणूस आता उरलेलं नाही. त्या ओसरीवर शेंगा सोलत होत्या. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "आलास? मला वाटलं मी मेल्यावर येशील."

"आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. बूट आले तेव्हाच ओळखलं. लुशसने असले बूट मेला तरी घातले नसते."

"मग बोलला का नाहीत?"

"मजा येत होती, ओझेल. या वयात आणखी काय असतं मला."

त्यांनी सांगितलं ते असं. १९३१ साली चार जुलैच्या जेवणावळीला फिरता फोटोवाला आला होता. लुशसने "धर जरा, पाणी आणतो" म्हणून गिटार एमसच्या हातात दिली आणि गेला. बराच वेळ आला नाही. तेवढ्यात फोटोवाल्याने एमसलाच बसवलं आणि खटका दाबला. "तोंडावर जमातीचं दुःख वगैरे काही नाही," आजी म्हणाल्या. "बूट चावत होते. आणि दुसऱ्याचं ओलं पोर मांडीवर घेतल्यासारखं त्याला झालं होतं."

आता तू म्हणशील, तेव्हाच मिस हॅस्केल बाईंना फोन करायचा. मीही तसंच म्हणत होतो, स्वतःशी, तीन दिवस.

त्यात त्याच संध्याकाळी बुधवारच्या प्रार्थनेला सेकिगुची डॉक्टर येऊन मागच्या बाकावर बसले. तुमच्या डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन आहे, छापील पुस्तकं आहेत. इथे बुधवारी अजून जुनीच रीत चालते: मी डीकन म्हणून गीताची एक ओळ भरभर म्हणून देतो आणि मंडळी ती उचलून इतकी सावकाश गाते की मधल्या वेळात माणसाला आपली सगळी पापं आठवतात. एमस आजोबांनी दिलेली चाल, मी त्यात काही बदललेलं नाही. उपासना संपली तरी डॉक्टर बसूनच होते, डोळे वाहत होते. मला म्हणाले, "तुम्ही त्यांचं गाणं चर्चमध्ये गाता?" मी म्हणालो, छे, हे आमच्या आजोबांचं गीत, इथे ते गाणं चालत नाही. खिशातून एक कॅसेट काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

आता कबूल करतो. अठ्ठेचाळीस... नाही, एकोणपन्नास वर्षांचा झालो, पण ते गाणं मी कधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. दुकानात लागलं की मी बाहेर येत असे, जाहिरातीत आलं की कोंबड्यांकडे जात असे. आजोबांना मी तसं वचन दिलं होतं. गुरुवारी दुपारी मी गाडी चर्चच्या मागे पेकनच्या झाडाखाली लावली, काचा पूर्ण वर केल्या (ऑगस्टात, ताई, मिसिसिपीत) आणि कॅसेट घातली. तीनदा ऐकली. चौथ्यांदा ऐकताना मी हाताने मांडीवर ठेका अर्ध्यावर आणला, आणि एमस आजोबा गायला लागले. तीच चाल. एकाने रविवारी सावकाश दिली, दुसऱ्याने शनिवारी पळवली. दोन भाऊ एकाच गाण्यावरून आयुष्यभर बोलले नाहीत. घामाने माझा शर्ट निथळत होता. पाळकांच्या बायकोने काचेवर टकटक करून विचारलं, "डीकन, बरं वाटतंय ना?" मी म्हणालो, प्रार्थना करतोय. ते फारसं खोटं नव्हतं.

शनिवारी पडदा निघाला. महापौर बोलले, शाळेचा बँड वाजला, मासे तळले गेले, सेकिगुची डॉक्टरांनी मक्याच्या ब्रेडचे सहा तुकडे खाल्ले. महापौर म्हणाले, या चेहऱ्याकडे बघा, या चेहऱ्याने अमेरिकेला गायला शिकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुटुंबातर्फे दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उभा राहिलो, वर आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आभारी आहे." आणि बसलो. लोक म्हणाले, किती नम्र माणूस. आयडेला आजी हातपंख्याआड हसत होत्या, मला खांदे दिसत होते.

त्या दुपारी मला एवढंच उमगलं की चित्र रंगाने दुरुस्त होईल, पण त्याआधीचं एक काम आहे आणि ते माझ्याशिवाय कोणी करणार नाही. भिंतीवर नाव लावायला काउंटी तयार झाली होती. आपल्या स्वतःच्या वहीत मात्र त्यावर चौसष्ट वर्षं काट होती, आपल्याच आजोबांच्या हाताने मारलेली. आणि चर्चचा नियम तुला ठाऊक आहे. बाहेर काढलेल्या माणसाने स्वतः चालत पुढे यायचं, पहिल्या बाकावर बसायचं, मंडळीकडे मागायचं, मग मतं, मग सगळ्यांनी त्याचा उजवा हात धरायचा. शिकागोच्या दफनभूमीतून माणूस कसा चालत येणार?

रविवारी चर्च तुडुंब होतं. तुझ्या नेहमीच्या जागी मिस हॅस्केल बाई बसल्या होत्या. (टोपी चांगली होती. तुझ्याइतकी नाही.) प्रवचन संपलं, पाळकांनी विचारलं, कोणाला मंडळीपुढे यायचं आहे? आणि मी उठून पहिल्या बाकावर जाऊन बसलो. त्या बाकावर डीकन बसलेला कोणी पाहिला नव्हता. अडतीस हातपंखे एकदम थांबले. कोरीनचा पंखा तर खाली पडला; तिच्या मनात त्या एका मिनिटात माझ्याबद्दल काय काय आलं ते ती अजून सांगत नाही. पाळकांनी हळूच विचारलं, "ब्रदर ओझेल, काय केलंत?"

मी म्हणालो, मी माझ्यासाठी आलेलो नाही, लुशस प्युरिफॉय यांच्यासाठी आलो आहे, त्यांना येता येत नाही म्हणून. आणि भिंतीवर लुशस नाहीत, एमस आहेत, ती चूक माझी. हे दोन्ही एका दमात सांगितलं. नाहीतर दुसरं राहिलं असतं.

वही सांभाळणारे ब्रदर थॅडियस गूच लगेच उभे राहिले. तू त्यांना ओळखतेस, नियमाशिवाय ते शिंकतही नाहीत. म्हणाले, "मंडळीत परत घ्यायचं तर माणसाचं मन पालटलेलं हवं. मेलेल्याचं मन पालटलं की नाही, हे कसं समजायचं?"

आयडेला आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "थॅडियस, सेहेचाळीस वर्षं झाली, त्याने गिटारला हात लावलेला नाही. आणखी किती पालटायचं?"

मंडळी हसली, पण हसून मत मिळत नाही. बरेच चेहरे अजून घट्ट होते, आणि ते एमस आजोबांचेच चेहरे होते. मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मला फक्त ओळ देता येते. मी बाकावरूनच डोळे मिटले आणि आजोबांच्या चालीत ओळ दिली. "खेचर त्यांचे, रान त्यांचे, घंटा त्यांची वाजे."

ताई, डीकनने दिलेली ओळ खाली पडू द्यायची नाही, ही सवय त्या लोकांच्या हाडात आहे. ओळ कुठली, हे बघायला त्यांनी वेळच घेतला नाही. पूर्ण मंडळीने ती उचलली, अंगवळणी पडलेल्या त्याच सावकाश लाटेत, पायांचा ठेका फरशीवर. आपण काय गातोय ते अर्ध्या ओळीत त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण आवाज जरासा डगमगला. पण थांबला नाही. मी दुसरी ओळ दिली. "गळ्यामधले गाणे तेवढे, देवा, आहे माझे." ती त्यांनी ध्यानात येऊन उचलली. खिडक्यांच्या काचा हलत होत्या. सगळ्यात मोठा आवाज ब्रदर थॅडियस यांचा होता, आणि त्यांना सगळी कडवी येत होती. ती कुठे शिकले, हे मंडळीने विचारलं नाही.

मतदान एकमताने झालं. लुशस आजोबांच्या वतीने माझा उजवा हात दोनशे माणसांनी धरला, सेकिगुची डॉक्टरांनी दोन्ही हातांनी धरला. मग ब्रदर थॅडियस यांनी जुनी वही आणली, आपलं शाईचं पेन मला दिलं, आणि मी आजोबांच्या त्या काटेखाली लिहिलं: लुशस प्युरिफॉय, मंडळीत परत, २३ ऑगस्ट १९९८. माझं अक्षर बरं आलं आहे. गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत मिस ऑगस्टाबाईंनी घटवून घेतलेलं अक्षर आहे ते.

जेवणाच्या वेळी मिस हॅस्केल बाई जवळ आल्या. मला वाटलं आता भिंत पुसतील. पण त्याआधीच आयडेला आजींनी त्यांची बाही धरली. "एमसला गिटार हातात घ्यायला इतकी वर्षं लागली. आता ती कोणी काढून घेणार नाही. शेजारी जागा आहे की, तिथे बसवा लुशसला." जागा आहे, पूर्वी तिथे सरकीच्या पेंडीची जाहिरात होती. बाई लगेच कबूल झाल्या. चित्रकार बाई ऑक्टोबरात परत शिडीवर चढतील.

दाजींना नमस्कार. व्यायाम कर.

तुझा भाऊ,
ओझेल

ता. क. खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. आपली आजी वारली तेव्हा तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन गेलीस, त्यात, आयडेला आजी म्हणतात, लुशस आजोबांचा एकमेव फोटो आहे. हसरा, टोपी मागे सरकवलेली, गिटार नाही. तो पाठव. आणि चाळीस वर्षं तुझ्याकडे असून तू मला का दाखवला नाहीस, ते मी विचारत नाही. वचन तूही दिलं असशील.

ता. क. २. फोटो आधी आयडेला आजींकडे दोन दिवस राहील, तशी त्यांची अट आहे. मी त्यांना विचारलं, १९३१ साली पाणी आणायला गेलेले धाकटे आजोबा इतका वेळ होते कुठे? त्या म्हणाल्या, "विहीर लांब होती," आणि इतक्या जोरात पंखा हलवू लागल्या की माझी टोपी उडाली. आजींच्या घरासमोर विहीर आहे, ती तू पाहिली आहेसच.

ता. क. ३. ब्रदर थॅडियस यांचं पेन चुकून माझ्याच खिशात राहिलं. सोमवारी ते परत द्यायला निघालो, पण वाटेत गावचं वाचनालय लागलं. रेनेटाच्या कॉलेजातलं ते कवितांचं पुस्तक तिथे आहे, चार वर्षं मी त्याच्या कपाटासमोरून ये-जा केली आहे. या वेळी मी ते खाली काढलं, पान काढलं, 'अज्ञात'वर एक सरळ रेघ मारली आणि लिहिलं: लुशस प्युरिफॉय, लिटल गिलियाद मंडळी. डीकनने सरकारी पुस्तकात लिहिणं बरोबर नाही हे मला माहीत आहे. ग्रंथपाल बाई येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, काय करताय? म्हटलं, चूक दुरुस्त करतोय. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक टेबलावर उघडंच ठेवलं.